मधली चित्रं

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की माझ्या पतींचा डावा डोळा गेला आहे आणि उजवा जाणार आहे.

टेबलावर तपासणीचे कागद होते. त्या तपासणीत एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. जिथला कण दिसला नाही तिथे कागदावर काळं उमटतं. डाव्या डोळ्याचा कागद जवळजवळ सगळा काळा होता. उजव्याच्या कागदावर मधोमध पांढरी जागा होती आणि तिच्या भोवताली सगळीकडून काळं आत आलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. हा दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडून दृष्टी कमी करत आत येतो, आणि माणूस नकळत मान थोडी जास्त वळवायला लागतो, त्यामुळे त्याला स्वतःला पत्ता लागत नाही.

"उजवा किती टिकेल?" यांनी विचारलं.

"थेंब नियमित घाला. वर्ष, दोन वर्षं, जास्तही. नक्की सांगता येत नाही. गेलेलं मात्र परत येत नाही."

माझे पती पेठेतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. बाहेर आल्यावर त्यांनी स्कूटर स्टँडवरून काढली नाही. किल्ली माझ्या हातात दिली. मला स्कूटर चालवता येत नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही रिक्षा केली. कर्वे रस्ता संपून रिक्षा वारज्याकडे लागली तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"मला माझं एक चित्र हलताना बघायचंय."

मला आश्चर्य वाटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला ते दर वर्षी मुलांना जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांच्या छोट्या वह्या शिवायला लावत. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात थोडं थोडं बदलत जाणारं चित्र काढायचं आणि अंगठ्याने पानं भराभर सोडायची. चेंडू उडे, मांजर उडी मारी. त्यांचं स्वतःचं चित्र मात्र वहीत मावणारं नव्हतं. ते आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या घरातलं होतं.

तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. गॅलरीत छताला टांगलेली बांबूची दांडी होती, हात पोचणार नाही इतकी उंच. साडी वाळत घालायची म्हणजे तिची पट्टी करायची, ती काठीच्या टोकावर घ्यायची, काठी वर उचलून पट्टी दांडीवर टाकायची आणि मग काठीच्याच टोकाने एकेक घडी सोडवत साडी दांडीभर पसरायची. ओली साडी जड असते. घडी सुटते तेव्हा ती खाली येताना क्षणभर फुगते, पाणी शिंपडते आणि मग सरळ होते. मी रोज हे करत असे आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. ते शाळेला निघताना दारात थांबून बघत. वारज्याला फ्लॅट घेतला तेव्हा तिथे ग्रिल होतं आणि खांद्याच्या उंचीला नायलॉनची दोरी. काठी आम्ही आणलीही नाही.

"काठीने साडी वाळत घालणारी बाई," ते रिक्षात म्हणाले. "फक्त तेवढंच. घडी सुटते तिथपर्यंत."

त्या काळात पुण्यात हे करणं अवघड वाटत नव्हतं. पेठांतल्या भिंतींवर कंप्युटरच्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, त्यात ॲनिमेशनच्याही होत्या. आमच्या इमारतीत हिंजवडीला नोकरी करणारी मुलं भाड्याने राहायला आली होती. पाटी वाचली तर कुणालाही वाटावं, की योग्य ते सॉफ्टवेअर घेतलं की बाकीचं होऊन जातं. प्रश्न फक्त योग्य कुठलं, हा होता. आणि योग्य कुठलं हे ठरवणं हा आमच्या घरातला हातखंडा विषय होता.

आम्ही दोघंही चौकशी करणारी माणसं. फ्रिज घ्यायचा ठरला त्या उन्हाळ्यात आम्ही फक्त दुकानं पाहिली. फ्रिज पुढच्या उन्हाळ्यात आला. प्रेशर कुकरसाठी मी तीन नातेवाइकांना पत्रं लिहिली होती. घाईने घेतलेली वस्तू ही आमच्या मते माणसाच्या स्वभावातली उणीव होती. कुणी विचारलं की "अजून चौकशी चालू आहे" असं सांगताना आम्हाला थोडा अभिमानच वाटे. डोळ्यांचा निकाल ऐकूनही आम्ही तेच केलं. दुसरं काही येतच नव्हतं. शिवाय चौकशी चालू आहे तोवर काहीतरी चालू आहे असं वाटतं, आणि त्या दिवसांत त्याचीही गरज होती.

पहिल्यांदा बुधवार पेठेत गेलो. तिथे एका अरुंद दुकानात सुटे भाग जोडून कंप्युटर करून देत आणि सीडीही ठेवत. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी पेपरातून मान वर केली नाही.

"ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर पाहिजे होतं," मी म्हणाले.

"नातवाला?"

"नाही, यांना."

त्यांनी आता वर पाहिलं. यांच्याकडे, यांच्या जाड भिंगाच्या चष्म्याकडे. "कुठलं पाहिजे?"

"तेच विचारायला आलो. आपल्याकडे काय काय आहे?"

"काय काय आहे ते सांगत बसलो तर दुकान बंद करायची वेळ होईल. ओरिजिनल पाहिजे का चालणारं?"

"म्हणजे ओरिजिनल चालत नाही?" यांनी विचारलं.

"चालतं. पण ते परवडणाऱ्याकडे चालतं." आणि ते पुन्हा पेपर वाचू लागले. थोड्या वेळाने, आम्ही अजून उभेच आहोत हे पाहून म्हणाले, "काका, आधी कुठेतरी बघा, शिका, मग घ्या. इथे सगळे आधी घेतात आणि मग माझ्याकडे भांडायला येतात."

हा सल्ला आमच्या स्वभावाला इतका मानवला, की आम्ही तिथून थेट सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये गेलो. दवाखान्याच्या वरचा मजला, चपला बाहेर, आत ओळीने यंत्रं. शिकवणारी मुलगी अकोल्याकडची होती. शिकायला म्हणून पुण्यात आली, शिकून झाल्यावर त्याच क्लासमध्ये शिकवायला लागली. जवळच मुलींच्या एका खोलीत कॉट घेऊन राहत असे. तिच्या समोर बसलेले विद्यार्थी वीस-बावीसचे आणि यांची पन्नाशी उलटलेली. तिने त्याचा एका शब्दानेही बाऊ केला नाही.

"बसा सर. हे पाहा, बॉल," ती म्हणाली. पडद्यावर एक चेंडू होता. "इथं वर ठेवला, इथं खाली ठेवला. दोन की-फ्रेम झाल्या. आता मधलं सगळं कंप्युटर करून देते."

चेंडू खाली आला आणि वर गेला.

"मधलं कुणी ठरवलं?" यांनी विचारलं.

"कंप्युटरनं."

"त्याने साडी वाळत घातली आहे का कधी?"

ती हसली. "सर, त्यानं तर बॉलपण नाही टाकला कधी."

मग यांनी तिला सगळं सांगितलं, दांडी, काठी, घडी. ती लक्ष देऊन ऐकत होती. आमच्याकडे आजी असंच करते, म्हणाली. मग तिने बोटांवर मोजत पर्याय सांगितले. नावं मी इथे लिहीत नाही; त्यातली बरीचशी आता ऐकूही येत नाहीत. एक होतं त्रिमितीचं. त्यात बाई मातीच्या बाहुलीसारखी घडवायची, मग तिला सांगाडा घालायचा, मग साडीला कापडाचे गुण द्यायचे. "हे शिकाले वर्ष जाते सर, अन् मशीन पण भारी लागते." दुसरं वेबसाइटवरच्या चित्रांसाठी वापरत ते. हात आणि पाय वेगळे काढायचे, सुरुवातीची आणि शेवटची जागा द्यायची, मधली चित्रं ते भरतं. नोकऱ्या त्यातच होत्या, क्लासची निम्मी मुलं तेच शिकत होती आणि त्याची पुस्तकंही मिळत. तिसरं तिने नुसतं उल्लेखापुरतं सांगितलं. कंप्युटरच्या एका मासिकाबरोबर फुकट सीडी येते, तिच्यावर होतं. "ते लहान पोरांचं आहे. काहीच करत नाही ते. एका पानावर दुसरं पान ठेवते, बस."

आम्ही घरी आलो आणि चौकशी पुढे चालू ठेवली. इमारतीतल्या हिंजवडीच्या मुलाला विचारलं. शाळेतल्या एका माजी विद्यार्थ्याला विचारलं, तो जाहिरातींच्या कंपनीत होता. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणली. सगळ्यांचं मत एकच पडलं: दुसरं. त्याला पुस्तक होतं, क्लास होता, अडलं तर विचारायला माणसं होती. आमच्या आजवरच्या कुठल्याही खरेदीत इतकं एकमत झालं नव्हतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. उजव्या डोळ्याची तपासणी पुन्हा झाली आणि कागदावरचं काळं थोडं आणखी आत आलं. आणि मग आम्ही कंप्युटर घेतला आणि ते सॉफ्टवेअर घेतलं. ओरिजिनल. मी ग्रंथपाल होते, दुसरं मला चाललं नसतं.

संध्याकाळी मी पुस्तक वाचून दाखवायची आणि ते ऐकायचे. पुस्तक जाड आणि इंग्रजी. अक्षर त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी एकेक परिच्छेद मनात वाचून मराठीत सांगे. शब्द आम्हीच पाडले. की-फ्रेमला ते "ठाम चित्र" म्हणत आणि मधल्यांना "मधली". ते दिवस वाईट नव्हते. एखादा धडा समजला की ते टेबलावर बोटाने साडीचा झोल काढून दाखवत. मला वाटत होतं की आम्ही पुढे जातो आहोत. पुस्तकाच्या दृष्टीने आम्ही जातच होतो.

अडचण यंत्रासमोर बसल्यावर कळली. त्या सॉफ्टवेअरचा पडदा म्हणजे भरलेलं ताट होतं. डावीकडे हत्यारं, उजवीकडे रंग, वर याद्या, खाली चित्रांची लांबच लांब पट्टी, आणि मध्ये उरलेल्या जागेत चित्र. धडधाकट डोळ्याला हे एका नजरेत दिसतं. त्यांना एका वेळी तळहाताएवढीच जागा दिसे. पट्टीकडे पाहिलं की चित्र नाहीसं होई. चित्राकडे पाहिलं की माउसचा बाण नाहीसा होई.

"बाण कुठे गेला?"

"वर आहे. उजवीकडे. अजून वर."

"आता?"

"आता खाली गेला."

हे संभाषण आमच्या घरात रोज होई. इतक्या लोकांना आम्ही इतके प्रश्न विचारले होते. किंमत, मशीन, पुस्तक, क्लास, नोकरीला कितपत चालतं इथपर्यंत. एका तळहाताएवढ्या नजरेत कुठलं मावेल, हे कुणालाच विचारलं नव्हतं. आणि आम्हाला ते सुचलं नाही, कारण चौकशी ही नेहमी वस्तूची असते. घेणाऱ्याची कुणी करत नाही.

तरी त्यांनी बाई काढली. हात वेगळे, काठी वेगळी, साडी वेगळी. मी बाण धरला, ते सांगत गेले. सुरुवातीचं ठाम चित्र झालं, शेवटचं झालं, मधली यंत्राने भरली. एका रविवारी दुपारी आम्ही ते चालवून पाहिलं. काठी वर गेली. साडी दांडीवरून खाली आली, ताठ, एकसारख्या वेगाने, टोकं न हलवता.

त्यांनी ते आणखी एकदा चालवायला सांगितलं. मग म्हणाले, "पत्रा आहे हा."

"पण हलतोय."

"पत्रे पण हलतात."

"अहो, आपण हे नंतर सुधारू. आत्ता निदान पूर्ण करून बघा. तुम्हाला दिसतंय तोवर."

मी हे वाक्य त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं. ते खुर्चीत वळले. माझा चेहरा नजरेत आणायला त्यांना मान थोडी हलवावी लागली.

"बघायचंय काय, ते तुला कळलंय ना?" ते म्हणाले. "वर गेलेली साडी मला माहीत आहे. खाली पसरलेली माहीत आहे. ती तर नुसत्या चित्रातही काढता येते, मी काढलीय. मधलं बघायचंय. ते हा भरणार, तर मग मी कशाला पाहिजे?"

"आणि वेळ नाही उरला तर?"

"तर अर्धी साडी दिसेल. पण साडी दिसेल."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. मला त्यांना एक पूर्ण झालेली गोष्ट दाखवायची होती. त्यांना खरी हवी होती. संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कागद काढले, शाळेतून उरलेले, आणि काळा मार्कर घेऊन टेबलाशी बसले. कागद छोटा असल्यामुळे सगळा एका वेळी दिसत होता.

आता त्यांना साडी पुन्हा बघायची होती. गॅलरीतल्या दोरीवर ते होण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. टाकीचा उंच आडवा पाइप ही दांडी. मी झाडूची लांब काठी उचलली, पट्टी केलेली ओली साडी तिच्यावर घेतली आणि पाइपावर टाकली. ते पायरीवर बसून बघत होते. एका वेळी हात बघत, एका वेळी काठीचं टोक, एका वेळी काठ. सगळं एकत्र दिसत नसल्यामुळे मला तेच पुन्हा पुन्हा करावं लागे. खांदे भरून आले. तळमजल्यावरच्या बाई पापड वाळत घालायला वर आल्या.

"अहो, काय चाललंय? गॅलरीत जागा नाही का?"

"यांना चित्र काढायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओल्या साडीकडे पाहिलं, पायरीवर बसलेल्या यांच्याकडे पाहिलं. "तीच साडी किती वेळा धुणार तुम्ही?" म्हणाल्या. मग पापडांचं पातेलं खाली ठेवून साडीचं एक टोक धरायला पुढे झाल्या.

"नाही, नाही, सोडा," हे पायरीवरून ओरडले. "पडू दे. पडतानाच बघायचंय."

"बघा बाई," त्या मला म्हणाल्या. "आमच्याकडे पडली की ओरडतात."

मी त्या दिवसांत तेव्हाच एकदा हसले असेन.

क्लासमधली मुलगी एका सुट्टीच्या दिवशी वारज्याला आली. आम्ही तिला पत्र्याची साडी दाखवली आणि मग कागद दाखवले. तिने कागद हातात घेऊन अंगठ्याने सोडून पाहिले. ते वेगवेगळे असल्यामुळे नीट सुटेनात, तरी तेवढ्यात काहीतरी हललं.

"सर, हे तर झालंच आहे न," ती म्हणाली. "काहून मग त्याच्यात अडकून राहिले?"

"त्याचंच नाव सगळ्यांनी सांगितलं. तुम्हीसुद्धा."

"मी नोकरीसाठी सांगते न सर सगळ्यांना. तुम्हाले कुठं नोकरी करायची आहे." ती थोडी ओशाळली. मग मासिकाची ती फुकट सीडी तिने स्वतःच पुढच्या खेपेला आणून दिली.

लहान पोरांचं ते सॉफ्टवेअर खरोखर काहीच करत नव्हतं. पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढी एक चौकट, बाकी सगळं करडं रिकामं. मागचं चित्र फिकट दिसे, त्यावर पुढचं ठेवायचं. खाली एकच बटण: चालवा. मी कागद स्कॅनरवर ठेवून एकेक आत घेई. हळू काम होतं ते. स्कॅनरचा दिवा सरकत जाई, मी कागद बदले, ते मागे टेबलाशी पुढचा काढत असत. ती चौकट त्यांच्या नजरेत पुरेपूर मावत होती. थोडं मागे सरकून बसलं की कडेलाही जागा उरे.

पावसाळा संपायच्या सुमाराला काठी वर गेली, पट्टी दांडीवर पडली आणि पहिली घडी सुटली. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा चालवून पाहिलं. खुर्ची मागे ओढली, चष्मा पुसला.

"लाव."

मी बटण दाबलं. बाईने काठी उचलली. पट्टी दांडीवर गेली, वजनाने एका बाजूला घसरली, तिने ती सावरली. घडी सुटली. काठ खाली येता येता फुगला आणि सरळ झाला. सगळं मिळून एका श्वासाएवढं. मी ते गच्चीवर शेकडो वेळा केलं होतं आणि तरी ती मी आहे हे मला तेव्हा कळलं. उजवा खांदा आधी वर जातो, तसा माझाच जातो.

"परत लाव."

मी परत लावलं. पुन्हा पुन्हा लावलं. ते पुढे वाकले.

"कोपर उशिरा खाली येतंय. आणि घडी सुटल्यावर काठी एवढी लगेच मागे जात नाही, ती थोडी थांबते. तिथे दोन कागद कमी पडलेत." मग म्हणाले, "काठ ठीक आहे."

त्यांनी ते दोन कागद काढले. मग पुढच्या घडीला हात घातला. साडीच्या अजून बऱ्याच घड्या सुटायच्या होत्या. त्यांचं म्हणणं, पहिली सुटली म्हणजे बाकीच्या सुटतील, फक्त प्रत्येकीचं वजन वेगळं. थंडी सुरू झाली तशी कागदावरची रेघ बदलायला लागली. आधी मार्कर जाड झाला. मग बाई कागदाच्या एका बाजूला सरकू लागली. मग काठी एका कागदावर हातात असे आणि दुसऱ्यावर हाताच्या शेजारी. मी ते कागद स्कॅनरवर सरकवून, तिरपे करून, जमेल तेवढे जुळवून घेत असे. काही बोलत नसे. तेही विचारत नसत.

संक्रांतीच्या आसपास त्यांनी पुन्हा चालवायला सांगितलं. खुर्ची मागे ओढली, चष्मा पुसला. मी बटण दाबलं. पहिली घडी सुटली, मग दुसरी सुटायला लागली आणि बाई थरथरू लागली. जागा सोडून इकडे तिकडे उड्या मारू लागली, काठी हवेत आणि साडी भलतीकडे. शेवटचे काही कागद तर नुसत्या रेघा होत्या. चित्र थांबलं.

मी वाट पाहत होते, की ते आता काय काय चुकलं ते सांगतील. सांगायला खूप होतं.

"छान," ते म्हणाले. "छान झालं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याच्या थोडं डावीकडे बघत होते, भिंतीकडे, आणि चेहऱ्यावर बघणाऱ्या माणसाचं लक्ष होतं. मी विचारलं, परत लावू का? ते म्हणाले, नको, एकदा पुरे झालं.

त्यानंतर मार्कर टेबलावर राहिला. काही दिवसांनी मी त्याला टोपण लावून ठेवलं. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगितली नाही. थेंब चालू ठेवा, म्हणाले.

ते नंतर बरीच वर्षं होते. शाळा सोडली, घरात वावरायला शिकले, मी ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं त्यांना वाचून दाखवत असे. लोक येत, बोलत. त्या मुलीला पुढे हैदराबादला नोकरी लागली, जाताना पेढे घेऊन आली. तिने विचारलं, "सर, पाहिलं न तुम्ही पूर्ण?" ते म्हणाले, "पाहिलं की." अर्धं म्हणाले नाहीत, पूर्ण म्हणाले नाहीत. मीही त्यांना कधी विचारलं नाही, शेवटी काय दिसलं होतं म्हणून. जे दिसलं ते खरं दिसलं होतं, एवढं मी स्वतःला सांगत आले. त्या पत्र्याच्या साडीवर थांबलो असतो तर पूर्ण झालं असतं, हेही मनात येतं. आम्ही सुरुवातीलाच ते लहान पोरांचं घेतलं असतं, दिवाळीआधी, तर आणखी किती घड्या सुटल्या असत्या, हेही येतं. मग मी उठून काहीतरी कामाला लागते.

दोन पावसाळ्यांपूर्वी ते गेले. हृदयाचं झालं, डोळ्यांशी त्याचा संबंध नव्हता.

लहान पोरांचं ते सॉफ्टवेअर आता कुठल्याही यंत्रावर चालत नाही. आमचा कंप्युटर केव्हाच बंद पडला आणि मी सीडीवर उतरवून ठेवलेली त्यातली फाइल उघडण्याचा प्रयत्न इमारतीतल्या एका मुलाने केला होता, तिला नवीन कुठलंच सॉफ्टवेअर ओळखत नाही. पत्र्याची साडी मात्र उघडते. ज्या कंपनीचं ते होतं ती मोठी होती. तिने जुन्या फाइलींची सोय ठेवली. मुलगा म्हणाला, काकू, हे तरी मिळालं. मी म्हटलं, हो.

कागद आहेत. ते क्रमाने लावून बुटाच्या खोक्यात ठेवले आहेत.